दुसऱ्या गेटापासून

बेळगावात ज्यांनी सायकलवरून कॉलेज केले, त्यांच्या आठवणींत टिळकवाडीचे रेल्वे गेट असणारच. पहिले, दुसरे, तिसरे असे नुसते आकड्यांनी ओळखले जाणारे हे गेट. आमचे दुसरे. मिरज-लोंढा मार्ग त्या वेळी मीटरगेज होता. गाडी अजून दिसायचीही नसे, तोच गेट पडायचे आणि एक पाय जमिनीला टेकून सायकलस्वारांची रांग लागायची. घाईतली मंडळी सायकल आडवी करून दांड्याखालून पलीकडे जात. मला ते जमायचे नाही. माझ्या सायकलला दुधाचे कॅन होते.

आमचे गाव येळ्ळूर. राजहंसगडाच्या पायथ्याचे, बासमती भातासाठी पंचक्रोशीत नावाजलेले. शहर दोन-अडीच कोसांवर. मी कॉलेजात होतो १९७९ ते १९८२. घरात सायकल एकच, तीही आप्पांच्या दूध घालण्याची. पहाटे आप्पा पुढे, मी मागे कॅरिअरवर, मांडीवर वह्यांची पिशवी आणि दोन्ही बाजूंना कॅन, असे वडगाव, शहापूर, गोवावेस करीत आम्ही टिळकवाडीत यायचो. पावसाळ्यात डोक्यावर पोत्याची खोळ. बेळगावचा पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याला या खोळीचा फारसा उपयोग नसतो हेही ठाऊक आहे. रतिबाची घरे संपली की दुसऱ्या गेटाजवळ आप्पा सायकल माझ्या हाती देत. मी काँग्रेस रोडने निघून, स्टेशनजवळच्या पुलावरून शहरात शिरून कॉलेज रोड गाठायचा आणि आप्पांनी बसने गावी परतायचे, असा ठराव होता. (१९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन याच भागात भरले, म्हणून हा काँग्रेस रोड. आमच्या लेखी तो सपाट आणि सावलीचा रस्ता, एवढेच त्याचे महत्त्व.)

बसचे आम्हा गावकऱ्यांना एक वेगळेच कोडे असे. पाट्या कानडी, आणि आप्पांना मराठीच जेमतेम वाचता येई. बस ते ड्रायव्हरच्या तोंडावरून ओळखत. एकदा मी त्यांना कानडी आकडे शिकवायला बसलो, तर म्हणाले, "आकडे शिकून बस वेळेवर येतीया व्हय?"

सायकल ही आम्हा पोरांची खरी दौलत. ज्यांच्याकडे नसे ते तासावर भाड्याने घेत, नाहीतर कुणाच्या तरी दांडीवर बसत. संध्याकाळी दिवा नसला आणि चौकात पोलीस दिसला, की खाली उतरून साळसूदपणे चालत निघायचे. तोही ओळखून असायचा.

पण माझ्या दौलतीचा आवाज व्हायचा. रिकामे कॅन खडखडत कॉलेजच्या फाटकातून आत शिरत. पहिल्याच महिन्यात वर्गाने माझे नाव 'रतीब' ठेवले. मुलीही हसायच्या. मी आठवडाभर सोसले आणि एके दिवशी गेटाजवळ आप्पांना म्हटले, "कॅन तुम्हीच न्या. बसमध्ये काय, पायाशी ठेवता येतील." आप्पांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग काही न बोलता कॅन हँडलवरून काढून घेतले. त्या दिवशी काँग्रेस रोडवर सायकल अशी काही हलकी पळाली!

असे चार-पाच महिने गेले. भातकापणीचे दिवस होते. शेवटचे दोन तास झाले नाहीत, म्हणून लवकर निघालो. वडगाव मागे पडले, आणि पुढे रस्त्याच्या कडेने एक माणूस दोन्ही हातांत कॅन घेऊन चाललेला दिसला. पाठमोरी चाल मी लांबूनच ओळखली. रतीब संपून कितीतरी वेळ झाला होता. त्यानंतर बाजारातले काम उरकून ते आता परतत होते.

"आप्पा, बस?"

"चुकली रं."

"रोज चुकते?"

ते हसले. कॅन हँडलला अडकवून मागे बसले. बसचे पैसे कुठे जात होते हे विचारायची मला गरज नव्हती. माझ्या पिशवीतली अर्थशास्त्राची दोन पुस्तके नवी होती. ती आणायला पैसे कुठून आले, हे मी कधी विचारलेच नव्हते.

वाटेत आम्ही बोललो ते कापणीविषयी, मळणीविषयी. गावाच्या अलीकडे ओढ्याजवळ त्यांनी सायकल थांबवायला लावली आणि खाली उतरून कॅन पुन्हा हातात घेतले.

"तू हो म्होरं. पोराला मागं बशिवलाय म्हणून हसतील लोकं."

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गेटाजवळ ते कॅन काढू लागले, तेव्हा मी हँडल घट्ट धरून ठेवले. कॅन वाजवीत कॉलेजात गेलो. हसायचे ते हसले.

सायकल मात्र मीच नेली. त्या दिवशी, आणि पुढची दोन वर्षे.