मनू, गोळ्या का थांबवल्यास?

प्रिय मनू,

बाळाचा फोटो मिळाला. नाक अगदी आईचं! पण माझी नजर खिळली ती तुझ्या उशाशी असलेल्या थर्मासवर. लाल खजुराचा काढा ना? शेजारच्या आंटी रोज करून देतात म्हणालीस. इथून आईचे डिंकाचे लाडू, तिथे सिंगापुरात चिनी आंटींची माया. भाग्याची आहेस गं.

पी तो, मनापासून पी. आपण खजूर म्हणतो, पण ते फळ बोराच्या कुळातलं. शाळेबाहेर बोरं मीठ-तिखट लावून खायचो, आठवतं? चिनी वैद्य त्याला गोड, उष्ण मानतात. पचन सांभाळणारं, रक्त वाढवणारं, मन निववणारं. बाळंतिणीला तिथे महिनाभर पाण्याऐवजीही हा काढा देतात, लाँगन नावाचं फळ घालून.

परवा फोनवर उगाचच रडलीस ना, तेव्हा मला झांग झोंगजिंग आठवला. हान काळाच्या अखेरचा, सुमारे १८०० वर्षांपूर्वीचा वैद्य. विनाकारण रडू येणाऱ्या बाईसाठी त्यानं गहू, ज्येष्ठमध आणि १० खजूर एवढाच काढा सांगितला. किती हळुवार औषध! त्याचाच दुसरा एक उपाय मात्र जहाल आहे. छातीत साठलेलं पाणी काढायला तीन विषारी रेचक मुळं-फुलं, आणि त्यांचं चूर्ण घ्यायचं ते १० खजुरांच्या काढ्यातून. का? पोटाला त्या विषाचा तडाखा सोसता यावा म्हणून. काम चूर्णाचं, खजूर सांभाळणारा.

मग तू लोहाच्या गोळ्या का थांबवल्यास? आंटींनी सांगितलं होतं? मला नाही वाटत. रक्त लाल, फळ लाल, एवढ्यावर विश्वास ठेवलास? वाळलेल्या १०० ग्रॅम खजुरात लोह जेमतेम दोन-अडीच मिलिग्रॅम, आणि तू घेतेस चार-सहा फळांचं पाणी. ताज्या फळात क जीवनसत्त्व भरपूर असतं, पण वाळवताना तेही बरंचसं जातं. तुझा रक्ताचा अहवाल पाहिलाय मी. जिना चढताना दम लागतो हे तू आईपासून लपवलंस, माझ्यापासून नाही.

गोळीनं पोट बिघडत असेल तर डॉक्टरांना सांग, ते बदलून देतील. रडू येतं हेही सांग, लाजू नकोस. आणि आंटींना विचार, खजूर चिरून घालतात की अख्खे, आलं किती, किती वेळ उकळायचं. आईला करून बघायचंय. उद्याच फोन कर.

तुझी,
ताई