साताऱ्याचा चढ आणि सहा चाळीसचे पाणी

आमच्या सुताच्या गोदामातला वजनकाटा या उन्हाळ्यात दोन बायकांच्या घामाचा हिशेब ठेवत होता, हे मुनीमजींना अजूनही रुचलेले नाही. पहाटे पळायला निघण्यापूर्वी आणि परतल्यावर मोठ्या जाऊबाई व मी त्यावर उभ्या राहत असू. एक किलो वजन उतरले, की साधारण एक लिटर पाणी अंगातून गेले असे धरायचे. सोलापूरची उन्हाळी हवा कोरडी. घाम येतो तोच वाळतो आणि आपल्याला तो आलाच नाही असा भ्रम होतो. काट्यावर मात्र मे महिन्यात भाभींचे वजन एकदा दीड किलोने कमी भरले.

मोठ्या जाऊबाईंना मी भाभी म्हणते. वय ४७. गेल्या दिवाळीनंतर रक्तातील साखर वाढल्याचे निदान झाले आणि डॉक्टरांनी चालायला सांगितले. चालण्याचे पळणे झाले ते माझ्यामुळे. साताऱ्याला २०१२ पासून डोंगरवाटेची अर्धमॅरेथॉन होते. एकवीस किलोमीटरच्या त्या वाटेचा पहिला अर्धा भाग यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेने जातो आणि मग त्याच वाटेने उतरायचे असते. आम्ही दोघींनी सप्टेंबरच्या शर्यतीत उतरायचे ठरवले. सासूबाई एवढेच म्हणाल्या, “घाट चढायचा तर पालिताण्याला जा, पुण्य तरी लागेल.”

सोलापूर सपाट. संभाजी तलावाच्या काठाने कितीही फेऱ्या मारल्या तरी चढ म्हणावा असा चढ मिळत नाही. गोदामाचे तीन मजले चढउतार करून पाहिले. हमाल हसू लागले, तो उपाय बंद झाला. शेवटी रविवारी पंचेचाळीस किलोमीटरवरच्या तुळजापूरच्या घाटात जायचे ठरले. गाडी जेठजी चालवत आणि घाटाच्या पायथ्याशी तिच्यातच वर्तमानपत्र वाचत बसत.

खरी अडचण चढाची नव्हती, पाण्याची होती. भाभींचा चौविहार आणि नवकारसी गेल्या वीस वर्षांत चुकलेली नाही. मेच्या मध्यावर आपल्याकडे सूर्य पावणेसातनंतर मावळतो आणि सहाला थोडा अवकाश असताना उगवतो. त्यावर ४८ मिनिटे धरली की सहा चाळीस होतात. म्हणजे जवळजवळ बारा तास पाण्याचा थेंब नाही आणि त्यातच पहाटेचे पळणे. मी व्रताच्या बाबतीत ढिली. प्रारंभी त्यांच्यासमोर प्यायला संकोच वाटे, म्हणून बुटाची नाडी बांधण्याच्या निमित्ताने मागे राहून घोट घेत असे. तिसऱ्याच दिवशी त्यांनी पकडले. “लपवून काय पितेस? समोर पी. तुझी तहान माझ्या पच्चक्खाणाला लागत नाही.”

मेच्या दुसऱ्या रविवारी घाटात सहा वाजून अठरा मिनिटांनी भाभी थांबल्या. एवढ्या उकाड्यात त्यांच्या दंडावर काटा उभा राहिलेला दिसला. मळमळते म्हणाल्या आणि कठड्याला टेकून बसल्या. मी ओढणी भिजवून मानेवर ठेवली, बूट काढले, बाटली पुढे केली. त्यांनी मान हलवली. पच्चक्खाणात आगार असतात, हे त्यांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक. तरी मी ते बोलून दाखवले.

“आगार आजाऱ्यासाठी,” त्या म्हणाल्या. “मी हौसेने पळायला आले आहे.”

बावीस मिनिटे. मी दर मिनिटाला त्यांना काहीबाही विचारत होते: आज वार कोणता, काल किती गाठी उतरल्या, उधारी कोणाकडे थकली आहे. उत्तरे बरोबर येत होती, घामही येत होता. बोलणे अडखळले असते किंवा अंग कोरडे तापू लागले असते, तर मी त्यांचे काही ऐकणार नव्हते. तो उष्माघात, तिथे एक क्षणही दवडता येत नाही. सहा चाळीसला त्यांनी तीन नवकार गणून पच्चक्खाण पारले आणि उकळलेले, मीठ-साखर घातलेले पाणी घोटाघोटाने प्याल्या. मी थांबले ते योग्य केले, असे मला आजही वाटत नाही. जेठजींना खाली फोन करायलाही मी विसरले होते.

त्या दिवशी मी फार रागावले. परतताना गाडीत कोणी बोलले नाही. रात्री त्या माझ्या खोलीत आल्या, हातात दुकानाच्या जुन्या वहीचा कोरा कागद. नियम सोडायचा नाही, पळणेही सोडायचे नाही, मग वेळापत्रक सोडायचे, असा त्यांचा हिशेब होता. सहा चाळीसच्या आधी केवळ चालणे आणि सावकाश चढणे. पळणे पाणी पिऊन झाल्यावर, तेही आठच्या आत. लांबचे अंतर एका दिवसात न करता शनिवार-रविवारी विभागायचे. चौविहारापूर्वी दुपारपासून थोडे थोडे पाणी पीत राहायचे; सूर्यास्ताच्या तोंडावर दोन तांबे एकदम घशाखाली ओतणे बंद. आणि घाटात गाडी पायथ्याशी न ठेवता आमच्या मागे येईल. जेठजींना ही अट वर्तमानपत्राच्या दृष्टीने गैरसोयीची वाटली, पण त्यांनी मानली.

शरीर उन्हाला दहा-पंधरा दिवसांत सरावते असे म्हणतात. घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून क्षार कमी जातात. मेअखेरीस काट्यावरचे अंतर निम्म्यावर आले. ते सरावाचे श्रेय किती आणि कमी पळण्याचे किती, यावर आमचे एकमत नाही. साखरेचा आकडा मात्र उतरला आहे. सातआठ जूनला पहिला पाऊस पडला तेव्हा आम्ही तलावाच्या काठी होतो. भाभींनी तोंड घट्ट मिटून घेतले आणि घड्याळ पाहिले. सहा वाजून पंचवीस.

काल त्यांनी साताऱ्याचा सप्टेंबरातला सूर्योदय पाहून ठेवला. सव्वासहाच्या पुढे, म्हणजे नवकारसी सात वाजून गेल्यावर. त्या वेळी आम्ही यवतेश्वरच्या चढाला असू. बाटली मी न्यायची, असे ठरले आहे.