बेदखल झालेला विक्रम
रविवार, ३ मार्च २०२४. आयोवा सिटीत आज ओहायो स्टेटविरुद्ध, मध्यांतराच्या अगदी उंबरठ्यावर, आयोवाच्या बास्केटबॉलपटू केटलिन क्लार्कने दोन फ्री थ्रो टाकून जुन्या जमान्यातील खेळाडू पीट मॅराविचचा ३,६६७ गुणांचा महाविद्यालयीन विक्रम, जो १९७० पासून दप्तरी अबाधित पडून होता, बेदखल केला, तेव्हा हर्षासमवेत एक चमत्कारिक हुरहूरही मनाला स्पर्शून गेली. मॅराविचने ते गुण तीनच हंगामांत, आणि तेही तीन गुणांची रेषा अस्तित्वात नसताना मिळवले, क्लार्कला चौथा हंगाम लाभला, हे खरे. परंतु या असमान तुलनेची फिर्याद दाखल करून घ्यावी असे न्यायासन कोणते? व्यावसायिक संघांच्या निवडप्रक्रियेत उतरण्याचा मनोदय क्लार्कने गुरुवारीच जाहीर केला आहे, म्हणजे या प्रेक्षागारातून तिचे दुरून सुटणारे चेंडू आता थोडेच दिवस पाहायचे.