एकाला 'एस', अनेकांना नाही

इंग्रजी हा विषय पुष्कळ मुलांना अवघड वाटतो. मला मात्र इंग्रजीतला एक नियम फार आवडतो. तो नियम असा, की कर्ता एकवचनी असला तर क्रियापदाला 'एस' लावायचा. हा नियम मला का आवडतो ते मी आता सांगणार आहे.

आपल्या मराठीत क्रियापद किती वेळा बदलते ते पाहा. मुलगा जातो, मुलगी जाते, मुले जातात, मी जाते, तू जातोस, तू जातेस. इंग्रजीत एवढी कटकट नाही. इंग्रजीतले क्रियापद मुलगा की मुलगी हे बघतच नाही. 'ही गोज' आणि 'शी गोज' दोन्ही सारखेच. ते फक्त बघते की माणूस एक आहे की जास्त आहेत. एक असेल तर 'गोज', जास्त असतील तर 'गो'.

येथे एक गंमत आहे. नामाला 'एस' लागला की अनेकवचन होते, पण क्रियापदाला लागला की एकवचन! म्हणजे 'द काऊ ईट्स' म्हणजे एक गाय खाते आणि 'द काऊज ईट' म्हणजे गाई खातात. आमच्या गुरुजींनी सांगितले, की असे समजा, दोन भाऊ आहेत आणि घोंगडी एकच आहे. एकाने पांघरली की दुसरा उघडा. पण ही युक्ती नेहमी चालत नाही. 'चिल्ड्रेन' या शब्दाच्या शेवटी 'एस' नाही, तरी ती पुष्कळ मुले आहेत. म्हणून 'चिल्ड्रेन प्ले' असेच म्हणायचे. गुरुजी म्हणाले, "एस मोजू नका, डोकी मोजा." हे आमच्या वर्गात सगळ्यांना पाठ झाले आहे.

प्रश्न विचारताना तो 'एस' उठून पुढे जाऊन बसतो. 'शी गोज' याचा प्रश्न 'डज शी गो?' असा होतो. 'डज'मध्ये 'एस' गेला, म्हणून मागे नुसते 'गो' राहिले. आणि काल झालेली गोष्ट सांगायची असेल तर 'एस' नकोच. 'ही वेन्ट' आणि 'दे वेन्ट' सारखेच. फक्त एकाला 'वॉज' आणि अनेकांना 'वर', एवढा फरक राहतो.

आता कोणी म्हणेल, मी पण एकटीच आहे, मग 'आय गो' असे का? मी हे गुरुजींना विचारले. ते म्हणाले, बोलणारा पहिला, ऐकणारा दुसरा, आणि ज्याच्याविषयी बोलतो तो तिसरा. 'एस' फक्त या तिसऱ्याला, तोही एकटा असेल तर. मग मी म्हटलं, "एकट्यालासुद्धा 'यू आर' का म्हणतात?" तेव्हा त्यांनी जुनी माहिती सांगितली. फार वर्षांपूर्वी इंग्रजीतही आपल्यासारखे 'तू' आणि 'तुम्ही' होते. 'तू'ला 'दाऊ' म्हणत. 'यू' हा 'तुम्ही'तला होता. पुढे मोठ्या माणसाला मान म्हणून एकट्यालाही 'यू' म्हणू लागले आणि मग हळूहळू सगळ्यांनाच म्हणू लागले. म्हणून 'यू'ला अजून अनेकवचनाचे 'आर' लागते. शेक्सपिअर नावाचा मोठा नाटककार १६१६ साली वारला. त्याच्या वेळी 'हॅज'ला 'हॅथ' असेही म्हणत असत. म्हणजे इंग्रजीसुद्धा आपल्या नदीसारखी पात्र बदलत आलेली आहे.

काही शब्द फसवे आहेत. ते मी वहीत वेगळे लिहून ठेवले आहेत. आमचे आजोबा रोज बातम्या ऐकतात. बातम्या पुष्कळ असतात, पण इंग्रजीत 'द न्यूज इज' असे एकवचनच आहे. उलट 'पीपल'ला 'एस' नाही, तरी 'पीपल आर' म्हणायचे. आपण म्हणतो, सगळे येतात. इंग्रजीत मात्र 'एव्हरीबडी कम्स', कारण त्यात एकेकाला धरलेले असते. आणि 'वन ऑफ द बुलॉक्स इज लेम' यात बैल पुष्कळ दिसतात, पण लंगडा एकच आहे. म्हणून 'इज'. मराठीत पण आपण बैलांपैकी एक बैल लंगडतो असेच म्हणतो, लंगडतात म्हणत नाही. तेव्हा हे काही फार परके नाही.

पण मला हा नियम आवडतो त्याचे खरे कारण वेगळेच आहे. एकदा घरच्या माणसांवर पाच वाक्ये लिहायची होती. मी लिहिले, 'माय फादर गोज टू द फील्ड. माय मदर गोज टू द फील्ड.' मग मोठ्याने वाचून अर्थ सांगितला. माझे वडील शेतात जातात. माझी आई शेतात जाते.

आजोबा म्हणाले, "त्या इंग्रजीत बापाला एकेरी बोलतात व्हय?"

मी म्हटलं, "होय आजोबा. इंग्रजीत एक म्हणजे एकच. राजा असला तरी 'एस' लागतोच."

तेव्हा माझ्या ध्यानात आले, की मराठीत आपण वडील जातात म्हणतो आणि आई जाते म्हणतो. आजोबा म्हणतात आणि आजी म्हणते. शेतात तर दोघेही जातात. आई सकाळी आधी उठते, भाकऱ्या करते, धार काढते आणि मग शेतात जाते. इंग्रजीत दोघांना एकच 'गोज' मिळाले. जास्त नाही, कमी नाही.

मी आईला विचारले, "आई, तुला पण 'जातात' म्हणू का?"

आई हसली. म्हणाली, "नको गं बाई. तू ए आई म्हणतेस तेच बरं वाटतं. अहो आई म्हटलंस तर मला वाटंल पाहुणीच आली."

वडील काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी माझी वही मागून घेतली आणि ती दोन वाक्ये हळूहळू वाचली. ते शिकत होते तेव्हा इंग्रजी पाचवीपासून होते. आपल्या राज्यात ते पहिलीपासून सुरू झाले २००० साली. वडील म्हणाले, "हे 'गोज' दोघांना सारखंच हाय का?" मी म्हटलं, "सारखंच." दुसऱ्या दिवशी धार काढून झाल्यावर चरवी त्यांनी आत नेली. आईला नेऊ दिली नाही.

मराठीतला मान चांगला आहे. वडिलांना मी वडील जातात असेच म्हणणार. आईला आई जाते असेच म्हणणार, कारण तिला ते आवडते. पण दोघांचे काम सारखेच मोजावे, हे मला त्या एका 'एस'मुळे समजले.

वर्गमित्रांनो, तुम्ही पण आपल्या घरावर पाच वाक्ये लिहा. पालकांनी ती मुलांकडून वाचून घ्यावीत आणि मराठीत अर्थ विचारावा. कोण कोण काय काय करते ते लिहिता लिहिता नियमही पाठ होईल.