मंगळवेढ्यात अडलेली गाडी

मंगळवेढ्याला जायचे आईच्या मनात फार दिवसांपासून होते. गावकुसाचे काम करताना १३३८ साली भिंत कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गेले, ते गाव तिला डोळ्यांनी पाहायचे होते. बाबासाहेबांनी १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखोबा यांच्या स्मृतीस अर्पण केला, हे तिला पाठ आहे.

दादा सोलापुरात टॅक्सी चालवतो. रविवारी त्याच्याच गाडीने आम्ही निघालो. बेगमपूरला भीमा ओलांडली की काळीभोर जमीन लागते. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी याच मातीतली. तिला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. शेते पाहून आई खूश होती. दादा मात्र गप्प होता. दोन महिन्यांपासून गाडी मधूनच सुरू व्हायला नकार देत होती. शहरातल्या एका गॅरेजवाल्याने नवी बॅटरी बसवली, तरी रड कायम. आता तो सेल्फच बदला म्हणत होता. त्यासाठी वहिनींनी भिशीचे पैसे काढून ठेवले होते.

गाव पाहून परत आलो, दादाने चावी फिरवली, नुसते ‘टक्’! जमलेल्यांपैकी एकजण म्हणाला, “नजर लागली, लिंबू-मिरची बांधा.” आई लगेच म्हणाली, “लिंबाने गाडी चालत असती, तर पेट्रोल कशाला भरलं असतं?”

कोणीतरी जवळच्या मिस्त्रींना बोलावून आणले. दादा गाडीला धक्का मारायच्या तयारीत होता. त्यांनी अडवले. “थांबा भाऊ, चालू झाली तर आजार कुठे सापडणार? आता बंद आहे, आत्ताच बघू.”

गिअर न्यूट्रल आणि हँडब्रेक ओढलेला असल्याची खात्री करून त्यांनी हेडलाइट लावून चावी फिरवायला सांगितली. दिवे मंद होऊन ‘टक्’ झाले, तर बॅटरी उतरलेली किंवा तिची टोके ढिली. दिवे तसेच लख्ख राहिले, तर बॅटरीत दम आहे, करंट सेल्फपर्यंत पोचत नाही. सेल्फ जोरात फिरूनही इंजिन पकडत नसेल, तर पेट्रोल किंवा स्पार्क पाहायचा. आमचे दिवे लख्खच होते.

मग मीटर निघाला. बॅटरी साडेबारा व्होल्ट, म्हणजे ठणठणीत. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या लोखंडाला लावून पुन्हा चावी फिरवली. अर्ध्या व्होल्टच्या आत दिसायला हवे, तिथे काटा कितीतरी वर गेला. मिस्त्रींनी निगेटिव्हपासून थेट इंजिनला जाड वायर जोडली आणि सेल्फ पहिल्याच झटक्यात फिरला!

दोष निघाला इंजिन आणि बॉडी जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीत. बोल्टखाली चिखल आणि गंज साचला होता. हादऱ्याने, उष्णतेने कधी ती टेकायची, कधी नाही. म्हणून गाडी कधी चालू, कधी बंद. पॉलिश पेपरने घासून बोल्ट घट्ट केला. मजुरी दीडशे रुपये. नवी बॅटरी मात्र फुकट गेली.

वाटेत आई म्हणाली, “भिंतीचंही असंच झालं असेल. पडेपर्यंत कोणी बघितलं नसेल, आणि मेले ते काम करणारे.” गाडीत कोणी बोलले नाही.

ज्यांची रोजी गाडीवर आहे, त्यांनी एक करावे. गाडी अडली की वेळ, इंजिन गरम की थंड, आवाज कसा, दिवे कसे, हे वहीत लिहावे आणि मिस्त्रींना वाचून दाखवावे. आधी तपासणी, मगच सुटा भाग. दादाने वही घेतली आहे. भिशीचे पैसे वहिनींनी मुलीच्या शाळेच्या फीसाठी ठेवले.