बिनकामाचं पळणं

शेतकऱ्याच्या घरची बाई पळत नाही, असं कोण म्हणेल? वासरू सुटलं की ती पळते, पावसाचे थेंब आले की वाळवणाकडे पळते, एस.टी.चा हॉर्न ऐकला की पिशवी सावरीत पळते. पण नुसतं पळायचं म्हणून पळणं लग्नानंतर संपतं. मला ते पंचवीस वर्षांनी गेल्या माघात पुन्हा गवसलं.

आमच्या बचत गटाच्या अकराजणी माण तालुक्यातून दापोलीला गेलो होतो. तिथल्या कोकण कृषी विद्यापीठात (स्थापना १९७२) आंब्याची कलमं पाहायची होती. मुक्काम जवळच मुरुड गावी, समुद्राकाठी. पहाटे सवयीनं जाग आली. घरी शेण, धार, चूल वाट पाहत असते. इथे हाताला कामच नाही! धाकट्या जावेला उठवलं आणि दोघी नारळी-पोफळीतून किनाऱ्यावर आलो.

ओहोटी लागली होती. कोरड्या वाळूत पाय रुततो. पण पाणी नुकतंच सरलेली वाळू चोपलेल्या खळ्यासारखी घट्ट. पदर खोचला, चपला हातात घेतल्या आणि पळत सुटले. जाऊ मागून ओरडली, "अवो ताई, कोणी बघंल की!" बघायला होते फक्त इवलेसे खेकडे, पाऊल जवळ आलं की तेही बिळात! मग तीही पळू लागली.

बोअरचं कर्ज, मुलीच्या शिक्षणाचा खर्च, सगळं मनात घेऊनच आले होते. पण पळताना ऊर असा भरून येतो, की दुसरं काही मावत नाही. कर्ज फिटलं नाही, पण त्याचं ओझं घटकाभर उतरलं. आणखी काही हवं, असं वाटलंच नाही.

याच मुरुडचे महर्षी धोंडो केशव कर्वे लहानपणी परीक्षेसाठी पायी साताऱ्याला आले होते. पुढे १९१६ साली त्यांनी स्त्रियांसाठी विद्यापीठ काढलं. त्यांच्या गावच्या वाळूवर दोन बायका मोकळेपणी पळाल्या, याचं मला फार बरं वाटलं.

आमच्या गावी समुद्र नाही, पण पाणंद आहे. आठवड्यातून दोनदा धारा झाल्या, की आम्ही दोघी ओढ्यापर्यंत पळतो. आधी कुत्री भुंकली, माणसं हसली. आता दोन्ही गप्प आहेत. बायांनो, याला पैसा लागत नाही. एखाद्या सकाळी कामाशिवाय पळून तर पाहा!