तासामागे वीस मिनिटे

2004 साली दक्षिणेतील एका जिल्ह्यात असताना एका वडिलांचा अर्ज माझ्यासमोर आला. मुलीला डिस्लेक्सिया असल्याने शालान्त परीक्षेत जादा वेळ मिळण्यासाठी शिफारस करावी, एवढीच त्यांची विनंती होती. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यातील सात प्रकारांत हा दोष नव्हता. ‘तरतूद नाही’ असा शेरा मारून मी नस्ती बंद केली. माझ्याच महाराष्ट्राने 1996 पासून अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती दिल्या होत्या. हा दाखला शोधण्याचे कष्टही मी घेतले नाहीत.

दोन वर्षांनी माझ्याच मुलाबाबत तेच निदान झाले. तोवर आम्ही बदल्यांना आणि तीन भाषांच्या ओझ्याला दोष देत होतो. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत त्याचा गोंधळ होई. पहिली वेलांटी अक्षराआधी लिहायची आणि उच्चारायची मात्र नंतर, हे त्याच्यासाठी कोडेच होते.

विशेष शिक्षिकेने सुचविलेले उपाय साधे होते. ताटात रवा पसरून त्यात अक्षर गिरवायचे आणि त्याच वेळी त्याचा ध्वनी मोठ्याने म्हणायचा. एकच ओळ दिसेल अशी खाच कापलेला पुठ्ठा पानावर ठेवून वाचायचे. पंधरा मिनिटे अभ्यास, मग विश्रांती. उत्तर आधी तोंडी सांगायचे, नंतर लिहायचे. पत्नी इतिहासाचे धडे ध्वनिफितीवर वाचून ठेवी. ते ऐकताना तो पुस्तकातील ओळींवरून बोट फिरवी. आता मोबाइलच देवनागरी मजकूर वाचून दाखवतो.

मुलाला वाचता येऊ लागले, आशयही कळू लागला. वेग मात्र वर्गाच्या बरोबरीला आला नाही. ही उणीव घरी भरून निघणारी नव्हती. तिच्यासाठी परीक्षेत वेळच हवा होता, आणि तो देणे माझ्यासारख्यांच्या हाती होते.

2016 च्या दिव्यांगजन हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. 2018 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी पात्र उमेदवारांसाठी तासामागे किमान 20 मिनिटे जादा वेळ सांगितला. तरीही प्रत्येक परीक्षा मंडळाची कार्यपद्धती वेगळी असते. परप्रांतात राहणाऱ्या पालकांनी तपासणीचे अहवाल व प्रमाणपत्र जपून ठेवावे आणि नववीतच शाळेकडे अर्ज करावा.

माझ्या सहकाऱ्यांना एवढेच सांगेन: ‘तरतूद नाही’ असे लिहिण्यापूर्वी मनाई तरी आहे का, ते पाहावे. त्या मुलीच्या बाबतीत मनाई नव्हती.